पोरं सगळ्याला "हो सर" म्हणतात, मनातलं कसं काढून घ्यायचं? (स्ट्रेंथ कोचचा प्रश्न)

कृष्णाकाठचा_कोच:

नमस्कार मंडळी, मी सांगली भागात एका कबड्डी अकॅडमीत स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगचं काम बघतो. मुलांची एक बॅच, मुलींची एक, वयं साधारण १५ ते २१. प्रोग्राम लिहिणं, टेस्टिंग, वॉर्मअप वगैरेचं काही अडत नाही, अडतंय ते बोलण्यात.

पोरं बोलतच नाहीत हो. म्हणजे आपापसात दंगा घालतात पण मी जवळ गेलो की गप्प. समजलं का? हो सर. पाय दुखतोय का? नाही सर. जमेल का? हो सर. आणि सेट सुरू झाला की लगेच दिसतं की काहीच समजलेलं नाही, शेजारचा करतोय ते बघून हा करतोय. नुकतंच एका चांगल्या रेडरचं हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) ऐन स्पर्धेत गेलं, मग रूममेट सांगतोय की आधीपासूनच खेचत होतं, रात्री बाम चोळून झोपायचा. रोज विचारत होतो मी त्याला, उत्तर ठरलेलं, एकदम ओके सर.

दुसरं म्हणजे आमचं सगळं शिक्षण इंग्रजीतून, कोअर ब्रेस (पोट आवळणं), हिप हिंज (कमरेतून वाकणं), स्कॅप्युला (खांद्याचं पातं) मागे घे, हे पोरांना सांगायचं कसं? आणि तिसरं, आमचे मुख्य प्रशिक्षक माणूस म्हणून फार चांगले, खेळाचं ज्ञान जबरदस्त, पण त्यांचं ठाम मत की वजनं मारली की पाय जड होतात आणि चपळाई जाते. ते हे पोरांसमोर बोलतात, मग पोरं स्क्वॉटला उभी राहतात ती अर्ध्या मनानं. मुलींच्या बॅचशी तर अजून अवघड जातं, काय विचारावं काय नाही हेच कळत नाही. अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

बारबेल_आणि_भाकरी:

दादा, पहिलं काम म्हणजे "समजलं का" हा प्रश्न बंद करा. "पाय दुखतोय का" हाही बंद. ज्या प्रश्नाला हो-नाही उत्तर चालतं त्याला आपली पोरं कोचला जे आवडेल तेच उत्तर देणार. त्याऐवजी "समजलं का"च्या जागी म्हणा, "चल, आता ह्या नवीन पोराला तू दाखव कसं करायचं". त्याला किती कळलंय ते तुम्हाला अर्ध्या मिनिटात दिसतं आणि त्याचा अपमान होत नाही. आणि "दुखतंय का"च्या जागी "आज कुठला पाय जास्त भरलाय, डावा का उजवा?" ह्यात काहीतरी भरलेलं असणारच हे तुम्ही आधीच मान्य केलेलं असतं, त्यामुळे सांगणारा कमजोर ठरत नाही. माझ्याकडे ह्या एका प्रश्नावर पोरं सर्वात जास्त बोलायला लागली.

दुसरं, आकडा घ्या. बोर्ग स्केल तुम्हाला माहीतच असेल, ० ते १० वालं. सेशन संपल्यावर अर्ध्या तासाने विचारायचं, आजचं सगळं मिळून किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. ६० मिनिटांचं सेशन आणि पोरगा म्हणाला ७, म्हणजे ४२० झाले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही स्वतः आधी वहीत लिहून ठेवा की तुमच्या मते हे सेशन किती जड जायला हवं होतं. कार्ल फॉस्टर ज्यांनी ही पद्धत आणली त्यांच्या टीमने २००१ मध्येच दाखवलंय की कोच ज्या दिवसाला हलका दिवस म्हणून प्लॅन करतो तो खेळाडूंना हलका जात नाही, आणि जड दिवशी उलट ते कोचला हवं तेवढं लावत नाहीत. तुमचा आकडा आणि पोराचा आकडा ह्यात जो फरक पडतो ना, त्या फरकावर बोला. "मी ४ धरलं होतं, तू ८ म्हणतोस, काय झालं रे?" इथून गप्पा सुरू होतात, झोप झाली नाही, सकाळी मोटरवर गेलो होतो पाणी द्यायला, मेसचं जेवण नाही गेलं, सगळं निघतं.

आकडा सगळ्यांसमोर विचारू नका मात्र. एकानं ५ म्हटलं की पुढचे सगळे ५. चिठ्ठीवर लिहून घ्या नाहीतर एकेकाला बाजूला घेऊन.

आता मुद्द्याचं. हे सगळं करून पोराने एकदा खरं सांगितलं, की सर मांडी खेचतेय, तर पुढच्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता ते सगळी टीम बघत असते. तुम्ही म्हणालात "बस मग बाहेर", की संपलं, ह्या सीझनला परत कोणी तोंड उघडणार नाही. त्याला मॅटवरच ठेवा. पळणं आणि झेप बंद, बाकी अप्पर बॉडी करेल, हॅमस्ट्रिंगचं हलकं आयसोमेट्रिक (न हलता स्नायू आवळून धरायचं) करेल, चेन पकडून उभं राहायची पोझिशन करेल. खरं सांगितल्यावर काम बदलतं, जागा जात नाही, हे दोनचार जणांच्या बाबतीत पोरांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तोंडी भरवशाला किंमत नाही, दिसलेल्याला आहे.

अ‍ॅप_वाला:

हे आकडे वगैरे ठीक आहे पण पोरं खोटं सांगतात हाच तर मूळ प्रश्न आहे ना? मग जीपीएस जॅकेट, हार्ट रेट बेल्ट, जंप मॅट ह्यावर खर्च करा. मशीन खोटं बोलत नाही.

बारबेल_आणि_भाकरी:

@अ‍ॅप_वाला मशीन असेल तर वापराच, मी नको म्हणत नाही. पण २०१६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ह्या विषयावर मोठा आढावा आलाय, त्यात ट्रेनिंगचा लोड वाढला-कमी झाला हे टिपण्यात खेळाडूने स्वतः सांगितलेलं, म्हणजे थकवा मूड झोप वगैरे, हे बऱ्याच रक्ताच्या आणि हार्ट रेटच्या मोजमापांपेक्षा सरस ठरलंय. शिवाय कबड्डीत १३ बाय १० मीटरच्या मॅटवर जीपीएस कितीसं सांगणार, तिथे धक्के, पकडी, खेचाखेची, ह्याचाच थकवा जास्त. आणि बेल्टचा आकडा बघून पण शेवटी पोराशी बोलावंच लागतं.

डावा_कोपरा:

मी राज्य पातळीपर्यंत खेळलेय, आता मुलींना शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजूनं सांगते.

आम्ही "हो सर" का म्हणतो ते आधी ऐका. घरात वडिलांना, शाळेत बाईंना, कुणालाही "नाही, मला नाही जमत" म्हटलं की उलट बोलते असा शिक्का बसतो, तीच सवय मैदानावर येते. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे आणि ते कोच लोक विसरतात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस, महसूल, शिवाय रेल्वेची भरती वेगळी. शेतकऱ्याच्या, ऊसतोड कामगाराच्या घरातून आलेल्या मुलीला एका स्पर्धेचं सर्टिफिकेट म्हणजे घरातली पहिली पगाराची नोकरी असू शकते. ती कशाला सांगेल हो की गुडघ्यात कळ येते? सांगितलं आणि टीममधून नाव गेलं तर तिच्या दृष्टीने वर्ष गेलं. तुमच्या रेडरने पण बाम त्यासाठीच चोळला असणार. त्यामुळे तो खोटारडा आहे असं मनातसुद्धा आणू नका, त्याने त्याचा हिशोब केला, फक्त त्याला पूर्ण हिशोब माहीत नव्हता. तोच त्याला सांगायचा असतो, की आज सांगितलंस तर दहा-बारा दिवसांत परत येशील, लपवलंस आणि फाटलं तर दोन-तीन महिने, मग निवड चाचणीपण जाईल. घाबरवायला नाही, तारखा समोर ठेवून, कॅलेंडर घेऊन बसायचं, निवड चाचणी कधी, स्पर्धा कधी, आज दुखलं तर कुठपर्यंत वेळ आहे. पोरं हुशार असतात, कॅलेंडर कळतं त्यांना.

मुलींबद्दल. एक, पाळीचं विचारायला लाजू नका पण तोंडी आणि घोळक्यात तर अजिबात विचारू नका. रोजच्या वहीत झोप, भूक, अंगदुखी ह्यांच्या ओळीतच पाळीचीही एक ओळ टाका, सगळ्या मुलींना सारखी, आणि ती वही बघणारी शक्यतो एखादी ताई असू दे, फिजिओ, वॉर्डन, सिनियर खेळाडू कुणीही. लिहायचं नसेल तर मोकळं सोडायची मुभा पाहिजे. हे लक्ष ठेवणं गरजेचं आहे कारण बऱ्याच मुली पाळी थांबली की "बरं झालं, कटकट गेली" म्हणतात आणि कोचही ट्रेनिंगमुळे होतं असं म्हणून सोडून देतात. व्यायाम भरपूर आणि खाणं अपुरं असलं की शरीर असं करतं, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ह्या सगळ्या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलंय, हाडं कमकुवत होतात, स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. लागोपाठ तीन महिने आली नाही तर डॉक्टर, ह्यात चर्चा नाही. आणि वजनाच्या अटीसाठी मुली स्पर्धेआधी जेवण पाणी सोडतात, ते पण ह्याच वहीत सापडतं, बघायची नजर पाहिजे.

दोन, हात लावून पोझिशन दुरुस्त करायची सवय असेल तर सोडा. आधी स्वतः करून दाखवा, मग मोबाईलवर तिचाच व्हिडिओ काढून तिलाच दाखवा (तिच्या फोनवर काढा, तुमच्या नको), आणि हात लावावाच लागला तर "खांद्याला हात लावू का" असं विचारून, सगळ्यांच्या देखत. तीन, मुलीला एकटीला रात्री मेसेज नको, कितीही साध्या कामाचा असला तरी. पालक किंवा ताई ज्या ग्रुपमध्ये आहेत तिथेच बोला. १८ च्या खालच्या मुलं-मुली दोघांनाही हेच लागू, पॉक्सो कायदा आहे म्हणून तर आहेच, पण त्याच्याही आधी मुलीला निर्धास्त वाटलं तरच ती बोलेल म्हणून.

अजून एक राहिलं. आमचे एक सर होते, ते चुकलं की नाव घेऊन सगळ्यांसमोर ओरडायचे आणि बरोबर केलं की गप्प. आम्हाला बरोबर काय केलं ते कधी कळलंच नाही. "छान" एवढंच म्हणणं पण उपयोगाचं नाही. "ह्या वेळी उतरताना गुडघे बाहेर राहिले, असंच" हे उपयोगाचं.

तालमीतला:

भाषेबद्दल मी लिवतो. आपण कोल्हापूरकडचं, तालमीत वाढलेलं, आता शाळेच्या पोरांना फिटनेस शिकवतो.

कोअर ब्रेस म्हणायची गरजच न्हाय. "पोटात बुक्की बसणार हाय, तयार रहा" म्हटलं की पोरगं आपोआप पोट आवळतं. हिप हिंजला मी पोराला भिंतीकडं पाठ करून वीतभर लांब उभा करतो आणि म्हणतो "बुडानं भिंत शिव, गुडघं पुढं न्हाय न्यायचं". रोज जरा जरा लांब उभा करायचा. स्क्वॉटला वर येताना "जमीन खाली दाब". लो पोझिशन पायजे तर कबड्डीचंच सांगा की, "अँकलला बसतोस तसा बस". पोरांच्या अंगात आधीच जे हाय त्याला धरून बोला. ज्यानं जोर बैठका मारल्यात त्याला पुशअप वेगळा शिकवायचा न्हाय, सपाट्या मारणाऱ्याचा खांदा बघा कसा फिरतो ते. पोराचा स्वतःचा शब्द असला तर तोच घ्या. आमच्याकडं एक पोरगं डेडलिफ्टला "बोजा उचलणं" म्हणायचं, मग सगळी तेच म्हणाय लागली, काय बिघडलं?

आणि ह्याला शास्त्र पण हाय बरं का. गॅब्रिएले वुल्फ म्हणून बाई हैत, त्यांनी १९९८ ला स्की सिम्युलेटरवर प्रयोग केला, एका गटाला सांगितलं तुमच्या पायाकडं लक्ष द्या, दुसऱ्याला सांगितलं पायाखालच्या चाकांवर जोर द्या. पाय आणि चाक एकाखाली एक, इंचाचा फरक न्हाय, पण चाकवाली चांगली शिकली. पुढं जाग्यावरनं लांब उडीवर झालं, "गुडघं जोरात सरळ कर" म्हटलं तर कमी आणि "रेषेच्या जास्तीत जास्त पुढं जा" म्हटलं तर सरासरी १० सेंटिमीटरच्या आसपास जास्त. तवा शरीराच्या आतलं नका सांगू, बाहेरचं सांगा, मॅट, रेषा, भिंत, बार.

एका सेटला एकच गोष्ट सांगायची. रेप (सेटमधली एकेक खेप) चालू असताना तर एक शब्द, बस. आमचं वस्ताद आखाड्याच्या कडंला बसून तासाभरात चारपाच वेळा तोंड उघडायचं, पण जे बोलायचं ते पोरगं घरी जाऊन पण घोकायचं.

फिजिओ_नाशिक:

@तालमीतला, क्यू (छोट्या सूचना) फार आवडले, वापरणार. एक छोटी पुस्ती जोडते, दुखापतीनंतर सुरुवातीला मात्र आतलंच सांगावं लागतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू झोपलेलाच असतो, तिथे "हा स्नायू आवळ, इथे हात ठेवून बघ" असंच म्हणावं लागतं. तो जागा झाला की मग बाहेरचं.

आता मुख्य प्रशिक्षकांबद्दल, कारण मला वाटतं तुमचा अर्धा प्रश्न तिथे आहे. पोरांना दोन मोठी माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असली तर पोरं गप्पच बसणार, त्यांना कुणाचीच बाजू घ्यायची नसते. मैदानावर सरांना उत्तर देऊ नका, घरी जा, चहा घ्या. आणि "पाय जड होतात" हे खोडून काढू नका कारण ते खरं आहे. सवय नसलेल्या पोराला भरपूर स्क्वॉट दिले की पुढचे २४ ते ७२ तास पाय भरलेले असतातच, सरांनी ते इतकी वर्षं डोळ्यांनी बघितलंय. फक्त ते तात्पुरतं असतं, आणि सवय झाली की बरंच कमी होतं. मग सरांना हेच म्हणा की सर तुमचं बरोबर आहे, म्हणून जड काम मी रेडच्या सरावाच्या आदल्या दिवशी ठेवतच नाही, तुमचा हलका दिवस कुठला ते सांगा, त्याच्या आदल्या दिवशी ठेवतो, आणि सुरुवातीला दोनच सेट. इथे सरांना दिसतं की हा माणूस माझ्या सरावाला धक्का लावत नाहीये.

मग सरांनाच विचारा, दुसऱ्या हाफमध्ये कोण ढेपाळतं? कुणाची झेप कमी पडते? ते लगेच तीन नावं सांगतील. त्या तीन पोरांचीच लांब उडी आणि १० मीटर स्प्रिंट सरांच्या समोर मोजा, सरांनाच टेप धरू द्या. आठ दहा आठवड्यांनी परत मोजा, परत सरांच्याच हातात टेप. आकडा सरांच्या तोंडून पोरांना कळू दे, "तुझी उडी वाढली रे" हे सर म्हणाले की पोरगं स्क्वॉट पूर्ण खाली जाऊन मारतं की नाही बघा!

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक तर घ्याच, गुडघ्यावर बसून जोडीदाराने घोटे धरायचे आणि हळूहळू पुढे पडायचं तेच. २०१९ च्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसनुसार (अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब) ह्याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. वजन नाही बार नाही, मॅटवर वॉर्मअपच्या शेवटी होतं, सर पण विरोध करणार नाहीत. सुरुवात मात्र एकदम कमी रेप्सने, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोरांना चालता येणार नाही आणि सर म्हणतील बघ!

आणि कोण खेळणार कोण नाही हे तुम्ही आणि सरांनी सकाळी पाच मिनिटं आधी ठरवून घ्यायचं, पोरांसमोर दोघांचं एकच वाक्य.

कृष्णाकाठचा_कोच:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ५ टक्के आरक्षणाचा मुद्दा तर डोक्यातच बसला, आमच्या रेडरचा मोठा भाऊ भरतीच्या तयारीत होता, आता वय गेलं त्याचं, घरची सगळी आशा ह्याच्यावर आहे. आता कळतंय तो का बोलला नाही. टेपची आयडिया पण करतोय, सर परवा भेटतायत.

एकच विचारायचं राहिलं, हा रेडर सध्या रिहॅबला आहे, रोज येतो, सांगितलं तेवढं करतो आणि खाली मान घालून जातो. बाकीच्यांशी पण तुटल्यासारखा झालाय. फिजिओ म्हणतात प्रगती चांगली आहे पण त्याला स्वतःला ती दिसत नाही. त्याच्याशी काय बोलू?

डावा_कोपरा:

सुरुवातीला कमी बोला, त्याच्या शेजारी बसून त्याचा व्यायाम चालू असताना सोबत थांबा. काम करता करता मुलं जास्त बोलतात, खुर्चीत समोरासमोर बसवलं की गप्प होतात. आणि "दुखापत कशी आहे"वरून सुरुवात नको, दिवसभर त्याला तेच विचारत असतील सगळे. भावाचं विचारा, गावचं विचारा.

त्याला प्रगती दिसत नाही म्हणता तर दिसेल अशी करा. भिंतीवर कागद लावा, ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं) धरून किती सेकंद थांबला, दुखऱ्या पायावर किती आणि चांगल्या पायावर किती, त्यालाच लिहू दे रोज. दोन आकड्यांतलं अंतर कमी होताना तो स्वतः बघेल. आणि सरावाच्या वेळी त्याला मॅटच्या बाहेर पाणी द्यायला किंवा स्कोअर लिहायला बसवू नका, चांगला रेडर आहे ना तो? समोरच्या कोपऱ्याचा पाय कधी उचलतो, कव्हर कुठून आत शिरतो हे बघून ज्युनियर रेडरला सांगायचं काम द्या. दोन रेडमधला वेळ त्याचा आणि त्या पोराचा.

फिजिओ_नाशिक:

+१. आणि परत मैदानात उतरवायची तारीख एकट्याने ठरवू नका, फिजिओ, सर, तुम्ही आणि तो स्वतः असे चौघं एकत्र बसा. पूर्ण वेगाने पळताना खेचत नाही, दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी, आणि सरावात पूर्ण रेड झालेत, हे तिन्ही त्याच्या समोर टिक करा. मग शेवटी त्याला विचारा, तुला स्वतःला किती भरवसा वाटतो पायाचा, ० ते १० मध्ये. ७ म्हणाला तर ओरडू नका, घाई पण नको, फक्त विचारा की उरलेले तीन कशासाठी राखून ठेवलेस, आणि तो बोलेपर्यंत थांबा.

कृष्णाकाठचा_कोच:

हे छान आहे. उद्या सकाळच्या सेशनला कागद लावतोच भिंतीवर. ताई, वहीच्या पानाचा नमुना असेल तर इथे टाकाल का, मुलींच्या बॅचसाठी? आमच्या वॉर्डन मॅडम तयार आहेत बघायला.

डावा_कोपरा:

टाकते रविवारी, आमच्या मुलींनी स्वतःच आखलेलं पान आहे, सात ओळी आहेत फक्त. त्याच्यापेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर मुली रात्री एकदम आठवड्याचं भरून टाकतात.